सेबुआनो आकडे: ठाण्याहून पनवेलला जाता जाता शिकायची पद्धत

पहिलीच सूचना. सेबुआनोत, म्हणजे फिलिपिन्समधल्या एका भाषेत, एक ते शंभर पाठ करायला बसू नका. मी बसलो होतो, वहीत दोन कॉलम पाडून, आणि आठवडाभराने कळलं की त्यातला अर्धा कॉलम बाजारात कोणी बोलतच नाही.

मी नेरूळचा, जहाजावर इंजिन रूमला असतो. ज्यांच्या घरी कोणी शिपिंगमध्ये आहे त्यांना माहितीये की कुठल्याही जहाजावर चढा, फिलिपिनो लोक भेटतातच, आणि त्यातले बरेचसे मनिलाचे नसतात, सेबू, बोहोल, दावाओ अशा बाजूचे असतात. आपापसात बोलतात ती मनिलाकडची टागालोग नाही, सेबुआनो. ते स्वतः तिला बिसाया म्हणतात. बोलणारे दोन कोटींच्या आसपास आहेत, म्हणजे काही कोपऱ्यातली बोली नव्हे. परवा शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलीला माझ्याकडे पाठवलं, ती एमबीबीएसला दावाओला चाललीये, एजंटने सांगितलं होतं की तिकडे सगळे इंग्लिश बोलतात काही टेन्शन नाही. बोलतात, खरंय. पण भाजीवाली बाई आकडा इंग्लिशमध्ये सांगेलच असं नाही, आणि सांगितला तरी नवीन पोरगी बघून कुठला सांगेल ते तुम्हीच समजा. तेव्हा तिला जे शिकवलं तेच इथे लिहितोय.

सुरुवात आकड्यांपासून नाही, प्रश्नापासून करा. पिला. म्हणजे किती. (कोणी काही प्यायलेलं नाही, आमच्या आईने हाच जोक तीनदा केला.) आता गंमत बघा, हा शब्द मराठी माणसाला इंग्लिशवाल्यापेक्षा सोपा जातो, कारण आपल्याकडे जसं किती, कितवा, कितीदा, कितीला असं एकाच शब्दाला काहीतरी चिकटवून काम होतं तसंच त्यांच्याकडे होतं, फक्त आपण मागे चिकटवतो ते पुढे चिकटवतात. तागपिला म्हणजे कितीला, केवढ्याला. इकापिला म्हणजे कितवा. कापिला म्हणजे कितीदा. इंग्लिशमध्ये 'तू भावंडांत कितवा' हे विचारून दाखवा, धड वाक्यच होत नाही, जहाजावर एका युरोपियन ऑफिसरला मी दहा मिनिटं समजावत होतो. सेबुआनोत सरळ आहे, इकापिला का सा मानागसुओन. ते लोक हा प्रश्न विचारतात पण भरपूर, ओळख झाली की लगेच, आपल्याकडे गाव कुठलं विचारतात ना तसं.

आणि हेच तुकडे मग आकड्याला लावायचे. दुहा म्हणजे दोन. इकादुहा दुसरा, कादुहा दोनदा, तागदुहा दोन-दोन. तुलो म्हणजे तीन, इकातुलो तिसरा, कातुलो तीनदा. पहिला तेवढा वेगळा आहे, उना, आपल्याकडे पण 'एकवा' नसतो पहिला असतो, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. फक्त उसा म्हणजे एक आणि उना म्हणजे पहिला ह्यात गल्लत होते, ती व्हायचीच, दोन दिवसांत जाते.

आता एक ते दहा. उसा, दुहा, तुलो, उपात, लिमा, उनोम, पितो, वालो, सियाम, नापुलो.

हे दहा मात्र पक्के पाहिजेत, झोपेतून उठवलं तरी यायला पाहिजेत. मी काकूंच्या मुलीला ट्रान्स हार्बर लोकलमध्ये पाठ करायला लावले. तिचा क्लास ठाण्याला, घर नेरूळला, रोज जाऊन येऊन. ठाणे उसा, दिघा गाव दुहा, ऐरोली तुलो, रबाळे उपात, घणसोली लिमा, कोपरखैरणे उनोम, तुर्भे पितो, जुईनगर वालो, नेरूळ सियाम, आणि उतरायचं राहून गेलं तर सीवूड्स नापुलो. पनवेल लोकल पकडायची हां, वाशीवाली पकडली तर तुर्भ्यानंतर सानपाडा येतं आणि वालोवर वाशीच्या दिशेने लागता. परत येताना उलटे म्हणायचे, नेरूळ सियाम, जुईनगर वालो असं. उलटे यायला लागले की समजा बसले. तिला घोळ तुर्भ्याला व्हायचा, तर पितो हे लक्षात ठेवायला तिने स्वतःच काढलं, तुर्भे स्टेशनवर एक माणूस चहा पितो. सात कप. वालोला वालाचं बिरडं, उसाला उसाचा रस. कोणाला हसू येईल पण चालतं हे.

उच्चारात एकच गोष्ट पकडा. जोर बहुतेक शेवटच्या अक्षरावर. दुहाऽ, तुलोऽ, पितोऽ. आपण मराठीत बोलताना सहज पहिल्या अक्षरावर जोर देऊन टाकतो आणि मग अर्थ बदलतो. तूलो असं पुढे जोर दिला की झालं ठिबकणं, गळणं. पीतो झाली शिट्टी. माझ्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टला मी मोठ्या ऐटीत फिटरला सांगायला गेलो की तीन ठिकाणी लीकेज आहे, पण दोन्हीकडे जोर एकसारखाच लावला, तूलो का तूलो (हा का त्यांचा जोडशब्द, पुढे सांगतो), तर त्याला ऐकू आलं गळती का गळती, तो बिचारा हातातलं फडकं तोंडावर धरून हसत बसला आणि पाणी आपलं गळतंच आहे. आणि वालोमधला व ओठ गोल करून म्हणा, दात ओठाला लावू नका. लिहिलेलं वाचाल तेव्हा उ आणि ओ ची अदलाबदल दिसेल, एकच शब्द एकजण उनोम लिहितो एकजण उनुम, दोन्ही तेच.

मध्येच एक सांगतो, कारण मला हे फार भारी वाटलं. 1521 साली मॅगेलनची जहाजं सेबूला लागली तेव्हा त्याच्यासोबत पिगाफेत्ता नावाचा एक इटालियन होता, त्याने तिथल्या लोकांचे शब्द लिहून घेतले, त्यात एक ते दहा पण आहेत. उझ्झा, दुआ, तोलो, उपात, लिमा, ओनोम, पित्तो असे इटालियन कानाने ऐकलेले. पाचशे वर्षं झाली, आमच्या बोहोलच्या ऑयलरला (इंजिन रूमला तेलपाणी बघणारा) वाचून दाखवले तर म्हणाला हा माझ्या आजोबांसारखा बोलतो. आणि लिमा हा शब्द तर समुद्रभर पसरलाय, इंडोनेशियात पाच म्हणजे लिमा, हवाईत लिमा म्हणजे पाच पण आणि हात पण. हाताला बोटं पाच, हिशोब तिथूनच सुरू झाला. सेबुआनोत मात्र आज हाताला कामोत म्हणतात, लिमा फक्त आकड्यापुरता उरला.

बरं, वस्तू मोजायची असेल तर आकडा आणि वस्तूच्या मध्ये का घालायचा. उसा का इतलोग म्हणजे एक अंडं, दुहा का तावो म्हणजे दोन माणसं. हा का खाल्लात तर समजतं लोकांना, पण कानाला खडा लागल्यासारखं वाटतं. आणि वस्तूचं नाव येत नसेल तर बुओक, म्हणजे नग. बोट दाखवायचं आणि म्हणायचं लिमा का बुओक. पाच नग द्या. माझं अर्धं शॉपिंग ह्या एका वाक्यावर झालंय.

दहाच्या पुढे नापुलोला उग म्हणजे 'आणि' जोडतात, बोलताना नुसता ग ऐकू येतो. नापुलोग उसा अकरा, नापुलोग दुहा बारा. सीबीडी बेलापूर अकरा, खारघर बारा, मानसरोवर तेरा, खांदेश्वर चौदा, पनवेल पंधरा, म्हणजे नापुलोग लिमा. गाडी पण संपली. त्यापुढे कावहाआन वीस, कात्लोआन तीस, काप-आतान चाळीस, कालिम-आन पन्नास, मग कान-उमान, कापितोआन, कावालोआन, कासियामान. पुढे का, मागे आन, मध्ये मूळ आकडा चेपलेला. आपल्या एकोणसाठ, त्रेसष्ट, शहाऐंशीपुढे हे म्हणजे बालवाडी आहे. पण हे फक्त कानावर असू द्या. चर्चमध्ये, शाळेच्या पुस्तकात, कोणी फार शुद्ध बोलायला लागलं की येतात. बाजारात कावहाआन म्हणालात तर आपल्याकडे रिक्षावाल्याला 'पन्नास रुपये मात्र घ्यावेत' म्हटल्यासारखं होईल.

मग बाजारात काय बोलतात? स्पॅनिश. आणि इथेच माझी वही वाया गेली. 1565 पासून 1898 पर्यंत स्पॅनिश लोक तिथे बसले होते, तीनशे तेहतीस वर्षं, त्यामुळे पैसे, घड्याळ, तारीख, वय हे सगळं स्पॅनिश आकड्यांत गेलं आणि आंबे-अंडी-माणसं मोजणं आपल्या जुन्या आकड्यांत राहिलं. आपल्याला हे नवीन नाहीये, आपण पण घरात 'तीन पोळ्या' म्हणतो आणि मोबाईल नंबर सांगताना नाईन एट टू झिरोवर येतो, कोणी शिकवलेलं नसतं. आणि इकडे ठाणे-वसई पट्ट्यात पोर्तुगीज होतेच की, साबण हा शब्द त्यांचाच असं बरेचजण म्हणतात. सेबुआनोत साबणाला साबोन म्हणतात, स्पॅनिशकडून आलेला. आपले दोघांचे साहेब शेजारी-शेजारी राहणारे होते असं म्हणा.

स्पॅनिश आकडे त्यांच्या तोंडून असे येतात: उनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंगको, साइस, सियेते, ओत्सो, नुइबे, दियेस. मग ओन्से, दोसे, त्रेसे, कातोर्से, किन्से, दिसिसाइस, दिसिसियेते, दिसिओत्सो, दिसिनुइबे, बाइन्ते. पुढे त्रायेंता, क्वारेंता, सिंगक्वेंता, सिसेंता, सितेंता, ओत्सेंता, नोबेंता. त्रायेंतापासून मध्ये एक छोटासा ई येतो, क्वारेंताई त्रेस म्हणजे त्रेचाळीस.

ह्यात दोन खड्डे आहेत. एक, सिसेंता साठ आणि सितेंता सत्तर. बाजाराच्या गोंगाटात हे दोन्ही सारखेच ऐकू येतात, दहा पेसोंचा फटका बसतो, बोटांनी दाखवून घ्या. दुसरा खड्डा दिसि-वाल्यांचा, आणि तो मला महागात पडला. इंजिन रूममध्ये कानाला मफ लावलेले असतात, मेन इंजिनाचा आवाज, फिटर एका पंपाखाली आडवा झोपलेला, फक्त हात बाहेर. ओरडला दिसिसियेते. मी पाना दिला, त्याने चाचपून परत टाकला. परत ओरडला. मी दुसरा दिला. तो पण परत. तिसऱ्यांदा तो सरपटत बाहेर आला, ऑइलने माखलेला, माझ्या हातातल्या पान्यांकडे बघितलं, एक सोळाचा होता एक अठराचा, आणि मधला सतराचा माझ्याच पायाशी पडलेला. त्या दिवसानंतर मी पान्यांवरचे नंबरच पाठ केले, रोज पाने पुसून जागेवर लावताना मोठ्याने म्हणत, दोसे, त्रेसे, कातोर्से, दिसिसियेते, दिसिनुइबे. आठवड्यात तोंडात बसले.

तुमच्याकडे पाने नसतील तर ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये नंबरप्लेट वाचा. तिथे अडकून बसायला वेळ भरपूर मिळतो. एमएच 43 आली की क्वारेंताई त्रेस, एमएच 04 आली की सेरो क्वात्रो, पुढचे चार आकडे दोन-दोन करून. गाडी स्वतः चालवत असाल तर मनात म्हणा, सिग्नलला बाजूवाला बघतो.

घड्याळ एकदम सोपं. उन्सा नांग ओरासा, किती वाजले. आलास दोस, आलास त्रेस, फक्त एकला आला उना. साडेला शेवटी इ मेद्या लावायचं, आलास ओत्सो इ मेद्या म्हणजे साडेआठ. सव्वाला नुसतं किन्से, आलास सियेते किन्से. सकाळ असेल तर सा बुनताग, रात्र असेल तर सा गाबिइ. हे मात्र कधीच जुन्या आकड्यांत म्हणू नका, आलास पितो वगैरे काही नसतं. मी म्हणालो होतो, मेसमध्ये दोन दिवस लोक मला बघून तेच म्हणत होते. किन्सेचा अजून एक उपयोग, तिकडे पगार बऱ्याच ठिकाणी महिन्यातून दोनदा होतो, पंधरा तारखेला आणि महिनाअखेर, त्यामुळे किन्से म्हटलं की लोकांचे चेहरे फुलतात. आपल्या एक तारखेसारखं. वय सांगताना पण स्पॅनिश, बाइन्ते आन्योस म्हणजे वीस वर्षं.

आता बाजारात उभे राहा. समजा सेबूचं कार्बन मार्केट, म्हणजे आपल्या ठाण्याच्या जांभळी नाक्याची गर्दी आणि वर समुद्राचा वास. मोठ्या बाईला नांग म्हणा, मोठ्या माणसाला नोंग, आपण मावशी-काका म्हणतो तसं, ह्याने निम्मं काम होतं. नांग, तागपिला नि? मावशी, कितीला हे? ती म्हणेल ताग-ओत्सेंता आंग किलो. ऐंशी रुपये किलोसारखं, ताग पुढे लागला की दर समजायचा. अर्धा किलो पाहिजे तर तुंगा सा किलो. दीडला वेगळा शब्द नाही, एक किलो आणि अर्धा असं म्हणा, उसा का किलो उग तुंगा. दीड, अडीच, पावणेदोन ही आपलीच श्रीमंती, तिकडे नाही मिळणार. महाग वाटलं तर माहाल कायो. मग विचारा वाला ना बाइ हांग्यो, कमी-जास्त काही नाही का. हांग्यो म्हणजे घासाघीस. हसून विचारलंत तर पाच-दहा सुटतात. (हा वाला म्हणजे नाही, आठवाला वालो, शेवट नीट ऐका.) सुटे परत आले ते सुकलि. कळलं नाही तर हिनाय-हिनाय लांग, हळूहळू बोला. आणि तरीही नाहीच कळलं तर ती बाई कॅल्क्युलेटर पुढे करते, त्यात लाज कसली, आपल्याकडे दादरला पण करतात.

जीपनीत (तिकडची शेअर जीपसारखी गाडी) एक तिकीट किंवा दोन सांगायचं असेल तर जुने आकडे चालतात, उसा लांग, एकच. उतरायचं असेल तर सेबूत लुगार लांग ओरडायचं. गाडीचा नंबर मात्र इंग्लिशमध्ये, झिरो फोर एल वगैरे, तिथे जुने-स्पॅनिश काही लावू नका.

शंभराच्या पुढे दोन्ही चालतं. उसा का गातोस शंभर, दुहा का गातोस दोनशे, उसा का लिबो हजार. स्पॅनिशवाले सियेंतो, मिल पण ऐकू येतात, दीडशेला कोणी सियेंतो सिंगक्वेंता म्हणेल, कोणी सरळ वन फिफ्टी. जे सुचेल ते बोला.

आपली खरी पंचाईत लाखाला होते. त्यांच्याकडे लाख नाही. नापुलो का लिबो दहा हजार, उसा का गातोस का लिबो म्हणजे शंभर हजार, तो आपला लाख, आणि एकदम उसा का मिल्योन, दहा लाख. काकू फी विचारत होत्या आणि मुलगी कॉलेजच्या कागदावर शून्यं मोजत होती, म्हटलं ह्यासाठी सरळ तीन-तीन शून्यांवर स्वल्पविराम टाका आणि हजारात वाचा, डोक्यात लाख आणूच नका. आणि मजा अशी की आपला लक्ष हा शब्द तिकडच्या समुद्रात पोचला होता, मलयमध्ये आणि टागालोगमध्ये लाक्सा आहे, पण प्रवासात एक शून्य गळालं, तिकडे लाक्सा म्हणजे दहा हजार. कस्टममध्ये गेलं असेल.

दावाओवाल्यांसाठी एक जादा गोष्ट. तिकडे टागालोगची सरमिसळ जास्त आहे, त्यामुळे उसाऐवजी इसा, दुहाऐवजी दालावा कानावर पडेल, घाबरू नका, लिमा-पितो-वालो-सियाम दोन्हीकडे तेच आहेत.

ती जाऊन तीन आठवडे झाले. मागच्या रविवारी फोन आला, मी तेव्हा पाम बीचला सिग्नलवर. म्हणाली दादा, आंबे घेतले, तागपिला विचारलं, बाईने ओत्सेंता म्हटलं, मला पहिल्या झटक्यात कळलं. मग म्हणाली पण रूममेटने इकापिला विचारलं, भावंडांत कितवी, आणि मी गप्पच बसले, मी तर एकटीच ना, त्याला काय म्हणायचं. मला पण माहिती नव्हतं. ऑयलरला मेसेज टाकला, त्याचं उत्तर आलं ते तिला पुढे पाठवलं: बुगतोंग आनाक. एकुलतं एक.